द्वादशीची भरती

बोरिवली, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

खाडीतल्या फेरीसाठी बाबांनी रविवार सुचवलाय, पण आपण वार न बघता तिथी बघूया. सांगलीला कृष्णा एकाच दिशेने वाहते. इथे भाईंदरला उल्हास नदीचं पाणी साधारण सहा तासांनी उलट फिरतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईतल्या भरतीची अंदाजे वेळ मिळते. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे द्वादशीला नऊच्या सुमारास पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ फार असते, ते नकोच.

7 वाजता बोटीत बसू आणि चढत्या पाण्याबरोबर घोडबंदरकडे जाऊ. उजव्या हाताला किल्ला दिसेल, दोन्ही काठांना तिवरं. पाणी थबकलं की न्याहारी करू आणि ओहोटीबरोबर 11 पर्यंत परत येऊ. भरतीच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर पाण्याची पातळी जवळपास सारखीच असते, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याला उतरतानाही तेवढीच पायरी चढावी लागेल. उशीर केला तर पायऱ्या उघड्या पडतात आणि शेवाळावर पाय घसरतो. शिवाय दुपारी समुद्रावरचा वारा उतरत्या पाण्याच्या समोरून येतो, मग आखूड, उभ्या लाटा उठतात आणि बोट आपटत चालते.

आई, चढताना एक पाय धक्क्यावर आणि एक बोटीत ठेवून थांबू नकोस. तांडेलांचा, म्हणजे बोट चालवणाऱ्यांचा, हात धर, पाय बोटीच्या मधोमध टाक आणि लगेच खाली बस. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं, पट्टे आवळून. बोटीत संडास नसतो, त्यामुळे निघण्याआधी जाऊन यायचं. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घे.

बाबा, मशीन सुरू झालं की मागे बघा. शिसपेन्सिलीएवढी पाण्याची बारीक धार बाहेर पडत असते. इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतंय, याची ती खूण. आपल्या खाडीत प्लॅस्टिकची पिशवी किंवा गाळ त्या वाटेत अडकतो. धार तुटली की ताबडतोब मशीन बंद करायला सांगा. इंजिन तापण्याची वाट बघायची नाही. चालता चालता मशीन आचके देऊन बंद पडलं, तर आधी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघायचा. तो उघडायचा राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल ओढलं जात नाही. पेट्रोलचे तीन वाटे धरायचे: एक जायला, एक यायला, एक राखीव.

हँडल हातात घेणार असाल तर मशीनला लावलेली लाल दोरी आधी मनगटाला अडकवा. माणूस पडला की ती मशीनमधून निसटते आणि मशीन थांबतं. हँडल डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे वळते. पुलाच्या खांबांजवळ भोवरे असतात, तिथे मात्र तांडेलांकडे द्या. जाळ्यांच्या खुंटांपासूनही लांब राहायचं, दोर पंख्यात गुंडाळतो.

पौषातली द्वादशी जमेल की माघातली? लवकर कळवा, तांडेलांना आठ दिवस आधी सांगावं लागतं.

तुमची,
मीनू