सुशी मागवताना आधी भात बघा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जपानला निघालेल्या मराठी पर्यटकांसाठी जे सल्ले छापून येतात, त्यांत ‘सुशी म्हणजे कच्चा मासा’ हे वाक्य हमखास असते. ते चूक आहे. या चुकीमुळे मासे खाणारेही उगाच बिचकतात आणि शाकाहारी मात्र नको तिथे निर्धास्त होतात.

सुशी म्हणजे तांदळाचे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात. त्याच्या जोडीला काय, हा पुढचा प्रश्न. भाताविना नुसत्या कच्च्या माशाचे काप आले, तर ती साशिमी. हाताने वळलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवला की निगिरी, नोरी या समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळून कापले की माकी, आणि भाताभोवती नोरीची उभी भिंत करून वर माशाची अंडी वगैरे भरली की गुंकान.

पहिल्यांदा खाणाऱ्याने शिजवलेल्या प्रकारांपासून सुरुवात करावी. एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, अनागो म्हणजे आपल्या वामीसारखा शिजवलेला मासा, तामागो म्हणजे गोडसर ऑम्लेट. हे रुचले की ताई, म्हणजे पांढरा सौम्य मासा, मग मागुरो, म्हणजे कुप्याच्या जातीच्या ट्यूनाचा लाल भाग. साबा, म्हणजे बांगड्याचा भाऊबंद, आणि ट्यूनाचा चरबीदार तोरो शेवटाकडे ठेवावेत. चरबी जिभेवर बसली की नंतरच्या सौम्य माशाची चव लागत नाही. काउंटरपुढे बसून एकेक मागवणे सुरुवातीला अवघड जाते. त्यापेक्षा ‘ओकीमारी’ हे ठरलेले ताट मागावे. साधारण सात-आठ निगिरी आणि एखादा रोल एका माणसाला पुरतो. ‘ओमाकासे’ म्हणजे निवड पूर्णपणे आचाऱ्यावर सोपवणे. काय खात नाही, हे आधी सांगता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, बिलही जड येते.

खाताना सर्वांत जास्त चुका सोया सॉसमध्ये होतात. निगिरी भाताच्या बाजूने बुडवली की सैलसर वळलेला भात सॉस शोषतो, फुटतो आणि वाटीत शिते तरंगू लागतात. ती आडवी करून फक्त माशाची कड टेकवावी. गुंकान आडवी केली तर वरची अंडी सांडतील, म्हणून आल्याची चकती सॉसमध्ये बुडवून वरून फिरवावी. हे गोड-आंबट आले तोंडीलावणे नव्हे, दोन प्रकारांच्या मध्ये जीभ स्वच्छ करण्यासाठी असते. ते माशावर ठेवून खाल्ले तर मासा गेलाच. चॉपस्टिक्स जमत नसतील तर निगिरी खुशाल हाताने उचलावी, जपानमध्ये ती रीतच आहे. घास मात्र एकच. अर्धी चावून उरलेली ताटलीत ठेवली की ती विस्कटते. नोरीचे प्रकार समोर आल्याबरोबर संपवावेत, ती ओल धरते आणि चिवट होते.

काउंटरवरच्या दुकानात वसाबी, म्हणजे झणझणीत हिरवे वाटण, बहुधा मासा आणि भात यांच्यामध्ये आधीच लावलेले असते. चव न बघता आणखी लावू नये. मिरचीसारखे ते जिभेवर रेंगाळत नाही, थेट नाकात चढते आणि लवकर उतरते. नको असेल तर ‘साबी-नुकी’ एवढे म्हटले तरी कळते. मात्र चहाला ‘आगारी’ आणि सोया सॉसला ‘मुरासाकी’ म्हणणे ही दुकानदारांची आपसातली भाषा, गिऱ्हाइकाने ती मिरवू नये. ओचा आणि शोयु पुरे. ‘हे चाखून बघ’ म्हणत आपल्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देणे कटाक्षाने टाळावे. दहनानंतर अस्थी अशा रीतीने उचलतात. ताटली पुढे करावी.

आता शाकाहाऱ्यांविषयी, कारण याबाबत जवळपास कोणीच नीट सांगत नाही. कांप्यो माकीतली तपकिरी पट्टी म्हणजे चक्क सुकवलेला दुधी. इनारी म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात. दोन्ही दिसायला निर्मळ, पण ते ज्या रसात शिजवतात त्यात बहुधा ‘दाशी’ असते, म्हणजे कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशाच्या किसाचे पाणी. तामागोत आणि मिसो सूपमध्येही तीच. ‘मासा नको’ म्हटल्यावर वेटर हो म्हणतो तेव्हा तो फसवत नसतो. अनेकांच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच. म्हणून नेमके विचारावे, ‘कात्सुओ दाशी हाइत्ते इमासु का?’ त्यातल्या त्यात काकडीची काप्पा माकी सुरक्षित. बारीक रोलचे सहसा सहा तुकडे होतात, भूक असेल तर दोन मागवावेत.

पहिल्या खेपेला फिरत्या पट्ट्याचे दुकान, म्हणजे काइतेन-झुशी, सोयीचे. १९५८ साली ओसाकाजवळ असे पहिले दुकान निघाले. किंमत बऱ्याच ठिकाणी ताटलीच्या रंगावरून कळते, पडद्यावर चित्रे असतात आणि भाषेवाचून अडत नाही. अनेक साखळी दुकानांत वसाबी वेगळे देतात. उचललेली ताटली परत पट्ट्यावर ठेवायची नाही. टेबलावरच्या नळाला कढत पाणी येते, ते हिरव्या चहाच्या भुकटीसाठी असते. हात धुण्याचा नळ समजून पोळून घेणारे पाहुणे काही कमी नाहीत. शेवटी ‘ओकाइकेइ’ म्हणावे, ताटल्या मोजून बिल होते. टीप देत नाहीत.

परत आल्यावर बाजारातला ‘एकदम ताजा’ मासा आणून घरी कच्ची सुशी करण्याचा उत्साह आवरावा. ताजेपणाने परजीवी मरत नाहीत. अनिसाकिस हा कृमी मारायला मासा आतपर्यंत उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठलेला लागतो आणि घरचा फ्रीजर तेवढा थंड होईलच असे नाही. शिवाय गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत ते वेगळेच. रोहू, कटला यांसारखे गोड्या पाण्यातले मासे तर कधीच कच्चे खाऊ नयेत, आणि गर्भवतींनी कुठलाच कच्चा मासा खाऊ नये. घरी करायचीच तर काकडी, उकडलेली कोळंबी किंवा ऑम्लेट घ्यावे. भात कोमट असतानाच वळावा आणि लगेच खावा, फ्रीजमध्ये ठेवला की तो कडक होतो.

– एक वाचक, पुणे