अण्णा, त्या चार झावळ्यांबद्दल

अण्णा, नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

बाबा गेल्यानंतरचा हा पहिला सुक्कोथ, आम्हा ज्यूंचा मांडवाचा सण. भाऊ इस्राएलला, घरात मी आणि आई. मांडव दरवर्षी बाबाच घालायचे, तेव्हा यंदा नकोच, असं मी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर त्यांच्या आजारपणापासून माझं प्रार्थनेतलं मनच उडालं होतं. रोजच्या प्रार्थनेतला शेमा नुसता तोंडाने चालायचा. आणि शुक्रवारी सकाळी तुम्ही बांबू नि झावळ्या घेऊन अंगणात हजर. "उद्या तुमचं काम बंद, म्हणून आजच उरकतो. शनवार तेल्यांच्या शेजारात जन्म गेला, एवढं तरी कळतं!" (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून कोकणातल्या आम्हा ज्यूंचं हे जुनं नाव.)

फणसाखाली सावली आहे म्हणून तुम्ही तिथेच खड्डे खणायला घेतलेत. आई ओटीवरून ओरडली, "झाडाखाली चालत नाही, वर आभाळ हवं!" मग उघड्यावर मांडव उभा राहिला, पण झावळ्या तुम्ही अशा दाट रचल्यात की थेंब आत येऊ नये. यातून चांदण्या दिसायला हव्यात, हे तुम्हाला कसं सांगायचं? मी गप्प बसले. आईने सांगितलंच.

"मग पाऊस आला तर?"

"तर ताटं उचलायची नि घरात पळायचं."

तुम्ही हसलात, परत शिडी लावलीत आणि चार झावळ्या ओढून काढल्यात.

मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले आमचे पूर्वज 40 वर्षं रानात राहिले, त्याची ही आठवण. तिथे त्यांनी खऱ्याच झोपड्या बांधल्या, असं काही रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणतात. काहींच्या मते ते देवाने त्यांच्यावर धरलेले ढग होते. बाबा ढगांच्या बाजूचे. मला ती कवीकल्पना वाटायची.

सण लागतो ती आमच्या तिश्री महिन्याची 15 तारीख म्हणजे पौर्णिमा, आणि यंदा नेमकी तुमची कोजागिरी. तुमच्याकडून मसाला दूध आलं, पण आमच्याकडे मटण शिजलेलं, आणि मटणावर दूध आम्हाला चालत नाही, त्यामुळे आईने ते सकाळसाठी झाकून ठेवलं. राग मानू नका. काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे जेवणाआधीची सणाची प्रार्थना, झाला. मी वर पाहिलं, तर तुम्ही झावळ्या काढल्यात त्याच फटीत चंद्र. मग एक ढग आला, ताटावरचा उजेड गेला, तरी आईचा हात न चाचपडता माझ्या हातावर आला. तेव्हा वाटलं, कोणीतरी बसलंय आमच्यात. बाबा नव्हेत. बाबा असते तर रडू आलं असतं. त्या रात्री शेमा मी दुसऱ्यांदा म्हटला, सावकाश.

मांडव उतरवला. झावळ्यांचे हीर आईने सोलून ठेवलेत, तुमच्यासाठी खराटा बांधणार म्हणते. तुमची कोयतीही आमच्या ओटीवरच राहिलीये. न्यायला याल तेव्हा जेवूनच जा.

तुमच्या शेजारची लेक