फीत कापा, पण आधी नटबोल्ट बघा : पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : थीम पार्क आणि वॉटर पार्कमधल्या राइडची रोजची तपासणी लोकांना दिसेल अशी लावण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्यापुढे एवढे प्रश्न असताना ही बाई पाळण्यांवर काय लिहीत बसली आहे, असं कुणाला वाटेल. वाटू दे. पाळण्यांवर मंत्रालयाला एरवी कुणी लिहीत नाही. अपघात झाला की सगळेच लिहितात.

मी बोरिवलीची. दिवसभर एका कंपनीची अकाउंट्स सांभाळते आणि सुट्टी मिळाली की राइडच्या रांगेत उभी असते. माझ्यासारख्यांचा आमचा एक कंपू आहे. त्यात केस पिकलेले आहेत, कॉलेजातली मुलं आहेत, एक निवृत्त शिक्षिकाही आहेत. रोलर कोस्टरच्या कुठल्या डब्यात बसावं यावर आम्ही तासभर भांडू शकतो. (शेवटच्याच. पहिला डबा शिखर ओलांडतो तेव्हा मागची गाडी अजून चढावर असते, म्हणून तो माथ्यावर रेंगाळतो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचं सगळं वजन उताराला लागलेलं असतं आणि त्याला अक्षरशः खेचून घेतं. पुढे बसणाऱ्यांना देखावा मिळतो, मागच्यांना राइड.) तेव्हा या पत्रात थोडा आगाऊपणा दिसला तर सांभाळून घ्या.

आमच्या पिढीचं हे वेड गोराईत सुरू झालं. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये उघडलं आणि दूरदर्शनवरच्या त्याच्या जाहिरातीने घराघरातल्या आईबापांचं जगणं मुश्कील केलं. शाळेची सहल तिथेच जावी म्हणून वर्ग अडून बसायचे. राइड सुरू व्हायची ती खरं तर जेट्टीवर. गोराई खाडीला ओहोटीच्या वेळचा चिखलाचा वास, लाकडी फळीवरून बोटीत पाय टाकताना बाईंनी धरलेलं मनगट, दोन्ही बाजूंना तिवरांची झुडपं आणि बोट वळली की लांबून दिसणारे लोखंडी सांगाडे. ते दिसले की अख्खी बोट एका बाजूला झुकायची आणि बोटवाला ओरडायचा. नंतर त्याच किनाऱ्यावर विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट उभा राहिला. एका बोटीत मौन पाळायला निघालेले आणि किंचाळायला निघालेले शेजारी शेजारी बसलेले मी पाहिले आहेत. असं मुंबईतच घडू शकतं.

आत गेल्यावर प्रत्येकाचं दैवत वेगळं. कुणाला झिपर डिपर, कुणाला थंडर, कुणी मॉन्स्टर्स इन द मिस्ट या भुतांच्या राइडमधून डोळे मिटून बाहेर आलेलं आणि वर्षभर ते नाकारणारं. उन्हात भाजून निघाल्यावर बर्फाच्या रिंकवर बूट बांधून धडपडण्याचं कौतुक आजच्या मुलांना कळणार नाही. तेव्हा आमच्या घरात फ्रिजसुद्धा नवा होता. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं आणि लाटांच्या तळ्यात भोंगा वाजला की हजार माणसं एकदम ओरडतात हे मुंबईला कळलं. चौपाटी असलेल्या शहरात लोक पैसे देऊन खोट्या लाटांत का जातात, असं माझे आजोबा विचारायचे. आजोबा, खऱ्या लाटा भरती बघून येतात, या भोंगा वाजवून येतात आणि कमरेवर चढत नाहीत.

२०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं. वॉटर किंगडम चालू राहिलं. जागा खासगी, धंदा खासगी, त्यामुळे ते सरकारने चालवावं असा हट्ट माझा नाही. पण एवढ्या मोठ्या शहरात आज एका मध्यमवर्गीय घराला लोकल आणि बोट पकडून जाता येईल असं कोरड्या राइडचं एकही मोठं पार्क उरलेलं नाही, याची नोंद पर्यटन खात्याच्या एखाद्या तरी फायलीत असावी. जोगेश्वरीचं फँटसी लँड त्याआधीच गेलं होतं. माहीमच्या मेळ्यात आणि माउंट मेरीच्या जत्रेत येणारे पाळणे तेवढे दरवर्षी उभे राहतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी उतरतात.

सरकारी जागेतल्या गोष्टींची कथाही वेगळी नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली वनराणी ही छोटी आगगाडी म्हणजे आमच्याकडच्या प्रत्येक पोराची पहिली राइड. २०२१ च्या तौक्ते वादळात झाडं पडून तिच्या रुळांची वाट लागली आणि मग गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली. एवढीशी गाडी, एवढासा रूळ! त्याच काळात मोठमोठ्या घोषणा मात्र वेळेवर धावत होत्या. लंडनच्या धर्तीवर वांद्र्याला ‘मुंबई आय’ नावाचा भलामोठा पाळणा उभारायचा, हे २०२० मध्ये जाहीर झालं होतं. महालक्ष्मी रेसकोर्सचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला तेव्हा तिथे थीम पार्कची टूम निघाली होती. आता त्या जागेतली १२० एकर पालिकेकडे आली आहे आणि सेंट्रल पार्कची आखणी चालू आहे. मी राइडवेडी असूनही सांगते, तिथे एकही राइड आणू नका. त्या भागाला झाडं, बाकडी आणि मोकळी हवा हवी. झोपलेल्या माणसांच्या खिडक्यांशेजारी कोस्टर शोभत नाही.

माझं मागणं साधं आहे. राइड उभारणं हे एकदाचं काम, ती रोज सकाळी तपासणं हे खरं काम. आमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत बाल्कनीच्या ग्रिलला दोन पावसाळ्यांत गंज चढतो. मग शेकडो वेल्डिंगचे सांधे असलेल्या सांगाड्याचं काय होत असेल? कोस्टर चढावर जाताना येणारी ती टक-टक-टक ऐकून लोकांच्या पोटात गोळा येतो. मला तो आवाज जीव शांत करणारा वाटतो. गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्या खालचा लोखंडी खटका रुळामधल्या दात्यांवर एक एक करत पडत असतो, त्याचा तो आवाज. वर ओढणारी साखळी तुटलीच तर गाडी तिथेच अडकून राहणार. तो खटका झिजला आहे का, माणसाला जागेवर धरून ठेवणाऱ्या हार्नेसचं कुलूप पहिल्या ओढीला सुटतं का, ब्रेक नीट धरतात का, हे पार्क उघडण्याआधी बघायचं असतं आणि रिकामी गाडी फिरवून खात्री करायची असते. चांगली पार्कं हे करतात. कुठल्या पार्कात ते झालं आणि कुठे नुसती सही झाली, हे तिकीट काढणाऱ्याला कळायला मात्र काही मार्ग नाही.

गेल्या उन्हाळ्यातलं सांगते. शहराबाहेरचं एक वॉटर पार्क, नाव लिहीत नाही. बंद नळीसारखी स्लाइड, चांगली तीन मजले उंच. वर उभा असलेला मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, सकाळपासून उन्हात, गळ्यात शिट्टी. तो एकामागून एक माणसं सोडत होता. खाली तळ्यात एक काका आपला चष्मा शोधत वाकले होते आणि माझी भाची नळीतून थेट त्यांच्या पाठीवर येऊन आदळली. तिचं नाक फुटलं, काकांची कंबर धरली, निभावलं म्हणायचं. मी जिने चढून वर गेले आणि त्या मुलाला विचारलं, “खालचं दिसतं का तुला?” तो म्हणाला, “अंदाज येतो ताई.” खाली कुणी माणूसच नेमलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या शिट्टीला उत्तर देणार कोण? ऑफिसात तक्रारवही मागितली तर ती कपाटात होती आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. त्या पोराला दोष देऊन मला काहीच मिळवायचं नाही. तळ्यात एक माणूस आणि वर एक हिरवा-लाल दिवा, एवढ्याने हे टळलं असतं. त्याचा खर्च प्रवेशद्वारावरच्या फायबरच्या डायनोसॉरपेक्षा कमी येतो.

पाण्याचंही तसंच. “वास येतोय म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, पाणी स्वच्छ आहे,” असं आयाबाया पोरांना सांगत पाण्यात सोडतात. तो झणझणीत वास आणि डोळ्यांची लाली बहुतेक वेळा क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून तयार होणाऱ्या संयुगांची असते. म्हणजे वास जितका जास्त, तितकी पाण्याची शंका जास्त. क्लोरीनचं प्रमाण आणि पीएच दर काही तासांनी मोजावं लागतं. मोजत असतील, तर तळ्याकाठच्या फळ्यावर खडूने लिहायला काय हरकत आहे?

२०१९ च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झुलणारी राइड मोडून पडली, दोन जण गेले. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनला आग लागली, २७ जणांचे जीव गेले आणि त्या जागेला अग्निशमनाचा दाखलाच नव्हता हे नंतर बाहेर आलं. त्यानंतर गुजरातने राइड आणि गेम झोनसाठी वेगळे नियम केले. आपल्याकडे परवाना पोलिसांचा, जागेची परवानगी पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची, आगीचा दाखला अग्निशमन दलाचा, विजेचा विद्युत निरीक्षकाचा. प्रत्येकाने आपापला कागद बघायचा आणि पुढे सरकवायचा. भारतीय मानक ब्युरोची आयएस १५४७५ ही राइडच्या सुरक्षेची संहिता आहे, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाने तिचं नावही ऐकलेलं नसतं. आपल्याकडे गेम झोन मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर असतात, म्हणून राजकोट मला जास्त जवळचं वाटतं.

“हे खातं आमचं नाही, गृह खात्याकडे लिहा,” असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. तरी मी तुम्हालाच लिहिते आहे. पार्कांची छायाचित्रं तुमच्या माहितीपत्रकांत असतात. ज्याचा फोटो छापता त्याच्या नटबोल्टची चौकशी करण्याचा अधिकार तुम्हाला आहे असं मी धरून चालते. तुमच्या खात्याने एवढं केलं तरी पुष्कळ : राज्यातल्या प्रत्येक राइडच्या रांगेत, माणसाच्या नजरेला येईल अशा उंचीवर एक फलक. त्यावर आज सकाळी कोण तपासून गेलं, किती वाजता, आणि बाहेरच्या इंजिनिअरने शेवटची तपासणी कधी केली. मराठीत आणि मोठ्या अक्षरात. जत्रेतल्या पाळण्यालाही हाच नियम; त्याचे नटबोल्ट तर दर गावाला काढून पुन्हा आवळले जातात. हे न लावणाऱ्याचं नाव पर्यटन विभागाच्या यादीतून वगळा. कायदा व्हायचा तेव्हा होईल.

आता पोचण्याबद्दल थोडं. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, आणि तिथला नायट्रो हा आमच्या कंपूचा लाडका. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्डने बनवलेला हा कोस्टर. त्यात पायाखाली फळी नसते, चपला काढून बसावं लागतं आणि गाडी सुटायच्या आधी प्लॅटफॉर्मची जमीन खाली जाते, तेव्हा शूर शूर म्हणवणारेही शेजाऱ्याचा हात शोधतात. पण तिथे जायचं तर गाडी हवी, नाहीतर खोपोली लोकलने उतरून पुढची सोय स्वतः करायची. चार माणसांचं तिकीट, गाडीभाडं, लॉकर, नायलॉनचा भाड्याचा कॉस्च्युम आणि आतलं जेवण धरलं की एका दिवसाचा हिशोब घराच्या महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करतो. पार्क कुठलंही घ्या, गेटवर पिशव्या तपासून आजीने बांधून दिलेली पोळी-भाजी काढून ठेवायला लावतात आणि आत पाण्याची बाटली विकत घ्यायला लावतात, ते तर फारच जिव्हारी लागतं. तिकिटाच्या किमतीत मला पडायचं नाही. जीएसटी आला तेव्हा या तिकिटांवर २८ टक्के होता, २०१८ च्या जानेवारीत तो १८ वर आला, तेवढी दया सरकारने आधीच दाखवली आहे. पण सुट्टीच्या हंगामात पार्क सुटायच्या वेळी स्टेशनकडे जाणारी एसटी आणि आत पिण्याच्या पाण्याचे चालू नळ, या दोन गोष्टी तुमच्या एका पत्राने होण्यासारख्या आहेत.

बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्यांना दाराला कडी हवी, हेही लिहिते. हे एका मंत्र्याला लिहावं लागतंय याची मलाच लाज वाटते, पण ते लिहायला दुसरं कुणी पुढे येत नाही.

शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात आणि त्याच आठवड्यापासून सगळ्या पार्कांत गर्दी उसळते. फलकाचं परिपत्रक मार्चअखेर निघालं तर या हंगामात ते लागलेले दिसतील. फलकाचा नमुना मी करून ठेवला आहे, आमच्या निवृत्त शिक्षिकांनी त्यातलं शुद्धलेखनही तपासलं आहे. आपल्या कार्यालयाने कळवलं तर लगेच पाठवते.

आपली,
बोरिवलीची एक राइडवेडी