आजींचं स्टेरॉइड

संपादक महोदय,

आयसीयूत माझी एकोणीस वर्षं गेली. परवा एका आजींचा मुलगा हात जोडून म्हणाला, ‘सिस्टर, स्टेरॉइड नको. करोनात काय झालं ते बघितलंय.’ त्याचं अगदीच चुकलं नाही. साखर चढून म्युकर, म्हणजे काळी बुरशी, झालेले तेव्हा मीही पाहिले. पण आजींना सेप्टिक शॉक होता, म्हणजे जंतुसंसर्गाने बीपी कोसळलं होतं. सलाईन झालं, रक्तदाब चढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा पंप वाढवत नेला, तरी बीपी वर येईना. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देतात, ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी. २०१८च्या ‘अ‍ॅड्रेनल’ नावाच्या औषध-चाचणीत साडेतीन हजारांवर रुग्ण होते. ९० दिवसांतले मृत्यू त्याने कमी झाले नाहीत, शॉक मात्र लवकर उतरला. त्याच वर्षीच्या फ्रेंच चाचणीत फ्लुड्रोकॉर्टिसोन या दुसऱ्या स्टेरॉइडची जोड दिली, तिथे मृत्यूही घटले. जादू नाही, आणि अँटिबायोटिकऐवजी तर मुळीच नाही. साखर सारखी बघावी लागते. आजींची बोटं टोचून टोचून काळी पडली होती. तिसऱ्या दिवशी पंप सुटला.

माझं गाऱ्हाणं एवढंच, की हे नातेवाइकांना सांगायला राउंडला कुणी थांबत नाही. मग ते आमच्यावर येतं, रात्री अडीचला, दाराशी उभ्या उभ्या.

– एक परिचारिका, सांगली