चरस, गांजा आणि विहिरीवरची मोट

संपादक साहेब, नमस्कार,

२०२३ च्या ऑगस्टात आमच्या कर्दे-लाडघरच्या किनाऱ्याला चरसची पाकिटं वाहून आली तेव्हापासून हा शब्द दापोलीत पोराटोरांच्याही तोंडी बसलाय. पण परवा तुमच्या पेपरात मथळ्यात चरस आणि आत बातमीत गांजा, हे काय? एकच का ते? गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, भांग म्हणजे पाला, आणि चरस म्हणजे त्याच झाडाची राळ, चिकट, हिमाचलात तळहातावर चोळून काढतात ती. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दहा किलो गांजा कमर्शियल क्वांटिटीत (सगळ्यात कडक शिक्षेच्या प्रमाणात) बसत नाही, तिथे लिमिट २० किलोचं, आणि चरसला फक्त १ किलो, म्हणजे दहा किलो चरस असेल तर किमान दहा वर्षं आत. एका शब्दाने केवढा फरक पडतो बघा.

आता खरी गंमत. आमच्या बागेत आंब्याच्या सिझनला बुंदेलखंडाकडचा एक गडी येतो, तो बातमी ऐकून हसायलाच लागला, म्हणे आमच्याकडे म्हातारी माणसं चरसने शेत भिजवायची! मी म्हटलं हा शुद्धीत आहे ना. तर हिंदीत चरस म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची मोट, देशावर होती तशीच (आपल्या कोकणात रहाट, त्यामुळे आपल्याला मोटेचंही अप्रूपच). मग डिक्शनऱ्या चाळल्या. एका जुन्या इंग्रजी कोशात दिलंय की चामड्याचे एप्रन घालून माणसं शेतातून फिरायची, राळ एप्रनला चिकटायची, ती खरवडून घ्यायची, म्हणून म्हणे चरस. एप्रनची गोष्ट कितपत खरी कोण जाणे, पण मोट धरा नाहीतर एप्रन, शब्द चामड्यापाशीच जातो, आणि मला तरी चर्म, चाम, चांभार हे सगळं एकाच घरातलं वाटतं. इंग्रजांच्या काळी तर राळेचा चरस मध्य आशियातल्या यारकंदहून लेहमार्गे पंजाबात उघड यायचा, सरकार त्यावर टॅक्स घ्यायचं!

माझी चौथीतली नात म्हणाली, आजोबा, चरस म्हणजे गुरं चरतात ते ना? सगळे हसले. पण त्याच राळेला अरबीत हशीश म्हणतात आणि हशीशचा मूळ अर्थ आहे सुकं गवत, तेव्हा पोरगी अगदीच चुकली नव्हती.

आपला,
एक जुना वाचक, दापोली