मेस्त्रीकाका, आमच्या चेंबरचे आटे सांभाळलेत!

प्रिय मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

गाडी न्यायला आलो तेव्हा तुमच्याकडे परळभरची गर्दी होती, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते. जुनी मारुती 800 सांभाळणाऱ्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

बाबांची गाडी 1998 सालची. कुठल्याशा सर्व्हिसमध्ये कुणीतरी लांब पान्याने ड्रेन बोल्ट (इंजिनातलं जुनं तेल सोडायचा) असा काही आवळला की चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचे, आटेच गेले. मग दुसऱ्या गॅरेजात एक साइज मोठा, स्वतःच आटे पाडत आत शिरणारा बोल्ट बसवून दिला. तोही ठिबकायला लागला. पावसाळ्यात बिल्डिंगच्या आवारात तेलाचा तवंग, शेजाऱ्यांची बोलणी, आणि बाबा रोज सकाळी डिपस्टिक पुसत उभे. कुणी एम-सील लावा म्हणे, कुणी टेफ्लॉन टेप गुंडाळा, तर कुणी याहूनही मोठा बोल्ट मिळतो म्हणे.

तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात, आणि का ते नीट समजावलंत. मोठा बोल्ट घालत गेलं की चेंबरच्या नटाची भिंत पातळ होत जाते आणि एक दिवस चिरते. शिवाय नवे आटे कापताना निघणारा लोखंडाचा कीस तेलात पडतो. पंपाच्या तोंडच्या जाळीतून सुटलेला बारीक कीस आधी ऑइल पंपात जातो, फिल्टरची पाळी त्यानंतर. टेपचंही तसंच: सरळ आट्याच्या बोल्टला तेल वायसर अडवतो, आटे नाहीत.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना चेंबर आणा, असं सांगून तुम्ही मोकळे होऊ शकला असतात. पण त्याचे आटे तरी कुणी कसे हाताळले असतील कोण जाणे! तुम्ही आमचाच चेंबर उतरवलात, खराब नट कापून काढलात आणि लेथवाल्याकडून नवा बुश (आतून आटे असलेली कडी) करवून पितळेने झाळून बसवलात. आतली कड तळाशी समतळ घासलीत, नाहीतर दर वेळी थोडा गाळ मागे राहिला असता. आणि मग ती खडूची परीक्षा! बाहेरून खडूची पूड कालवून फासली, आत रॉकेल ओतलं आणि चेंबर तसाच ठेवून दिला. पांढऱ्यावर कुठे ओला डाग उमटतो का, ते बघायला बाबा वाकून वाकून येत होते. एकही उमटला नाही.

बोल्ट निवडतानाही तुम्ही गेज लावून दाखवलंत. 14 मिलिमीटर, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5. स्पार्क प्लगचा आटाही 14 चाच, पण पिच 1.25, दिसायला सारखा, एखाद-दोन वेढे जातोही आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की संपलंच. म्हणून बोल्ट आधी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवायचा, वायसर दर वेळी नवा घालायचा आणि टॉर्क पान्याने (ठरलेला जोर लागला की ‘कट’ वाजणारा पाना) साधारण 35 न्यूटन-मीटरवर थांबायचं. टॉर्क पाना बाबांच्या हातात देऊन तुम्ही ती ‘कट’ त्यांना स्वतः ऐकवलीत. स्वतःचं कसब असं गिऱ्हाइकाच्या हाती देणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता कुठल्याही दुकानातला साधा, मूळ मापाचा बोल्ट आमच्या गाडीला बसतो. मला याचंच सगळ्यात मोल वाटतं. तुम्ही गळती तर थांबवलीतच, पण पुढे या गाडीखाली जो कुणी झोपेल त्याचीही सोय करून ठेवलीत. काका, मनापासून आभार.

बाबांनी जास्तीचे तांब्याचे वायसर आणून डॅशबोर्डच्या खणात ठेवले आहेत. गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगवरही एकदा तुमची नजर पडावी, असं ते म्हणतात. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतोय.

तुमची,
800 वाल्या बाबांची मुलगी