नरसंहार करणारी माणसे वेगळी नसतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नरसंहाराविषयी लिहिताना आणि बोलताना, ती कृत्ये करणारे लोक माणसे नव्हतेच, ते सैतान होते, असे म्हणून विषय संपवण्याची पद्धत पडून गेली आहे. त्यामागचा संताप मला समजतो. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे आणि धोक्याचेही आहे, असे माझे ठाम मत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आफ्रिकेतील रवांडा या देशातल्या ताबा या विभागाचे प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू यांचेच पाहा. हे गृहस्थ आधी शिक्षक, मग शाळा तपासनीस आणि १९९३ पासून विभागप्रमुख होते. ७ एप्रिल १९९४ पासून देशात बहुसंख्य हुतूंमधील कट्टरपंथीयांनी अल्पसंख्य तुत्सी समाजाची कत्तल सुरू केली तेव्हा, हाताशी मोजकेच पोलीस असतानाही, त्यांनी सुरुवातीला आपल्या हद्दीत हिंसाचार रोखण्याचा प्रयत्न केला. १८ एप्रिलला, या कत्तलीला पाठबळ देणाऱ्या हंगामी सरकारच्या पुढाऱ्यांनी अशा प्रमुखांची बैठक घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी अकायेसू जमावासमोर उभे राहून ‘एकमेव शत्रू’, म्हणजे तुत्सी, संपवण्याचे आवाहन करू लागले. ज्या तुत्सी स्त्रिया त्यांच्या कार्यालयात आश्रयाला आल्या होत्या, त्यांच्यावर त्याच आवारात बलात्कार झाले आणि अकायेसू यांनी त्याला उत्तेजन दिले. टांझानियातील अरुशा येथे रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांना दोषी ठरवले. आंतरराष्ट्रीय न्यायालयात नरसंहाराचा गुन्हा सिद्ध झालेली ही पहिली व्यक्ती होय, आणि बलात्कार हेही नरसंहाराचे साधन असू शकते हे याच निकालाने पहिल्यांदा मान्य केले.

१७ एप्रिलला कोणी त्यांची ओळख करून दिली असती, तर आपण त्यांना सज्जनच म्हटले असते. त्यांच्यातला माणूस एका रात्रीत नाहीसा झाला नाही. आपले पद आणि जीव सांभाळायचा की समोर आसऱ्याला आलेल्यांना सांभाळायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी बदलले. सत् आणि असत् यांचा झगडा मला दिसतो तो असा, एकाच माणसाच्या आत चाललेला.

‘हुकूम होता, दुसरा मार्ग नव्हता’ हा बचाव तर अशा कित्येक खटल्यांत ऐकू येतो. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफूव्ह गावातील ज्यूंना गोळ्या घालण्याचे काम जर्मन राखीव पोलीस तुकडी क्रमांक १०१ कडे आले. सुमारे पाचशे जणांची ही तुकडी बहुतांशी हँबर्गच्या मध्यमवयीन, संसारी पुरुषांची होती. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, असे त्यांच्या प्रमुखानेच सांगितले, आणि जे झाले त्यांना शिक्षाही झाली नाही. तरीही त्या क्षणी जेमतेम डझनभर लोक पुढे आले. संध्याकाळपर्यंत सुमारे पंधराशे माणसे मारली गेली होती. मला या घटनेत सर्वाधिक अस्वस्थ करते ती ही गोष्ट की नकाराची वाट उघडी होती, आणि सोबत्यांसमोर भित्रे ठरण्याच्या लाजेपोटी कित्येकांनी ती घेतली नाही.

नकाराची वाट घेणारेही असतात. १९९४ च्या त्याच कत्तलीत रवांडातील झुरा करुहिंबी या वृद्ध वैदू स्त्रीने शंभराहून अधिक लोकांना आपल्या घरात लपवले. त्या चेटूक करतात अशी गावात वदंता होती. तिचाच उपयोग करून, भुताखेतांची भीती घालून, त्यांनी मारेकऱ्यांना दारातून परत पाठवले. ना सत्ता, ना शस्त्र. याउलट जगाकडे सैन्य होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला, म्हणजे अकायेसू फिरले त्यानंतर दोनच दिवसांनी, रवांडातील शांतिसेना २७० जणांवर आणण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली.

ही कत्तल अचानक उसळली नव्हती. बेल्जियमच्या वसाहती राजवटीने १९३० च्या दशकात दिलेल्या ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी याची नोंद असे, आणि नाक्यानाक्यावर तीच पाहून माणसे मारली गेली. तुत्सींना झुरळे म्हणणारा प्रचार कित्येक महिने रेडिओवरून चालू होता. डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात नरसंहाराला जाहीर चिथावणी देणे हा स्वतंत्र गुन्हा मानला आहे, आणि अरुशाच्या त्याच न्यायाधिकरणाने २००३ मध्ये या रेडिओ केंद्राच्या दोन संस्थापकांना आणि तसाच प्रचार करणाऱ्या ‘कांगुरा’ या नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवले.

म्हणूनच माझी आपल्याला विनंती आहे की जगात कुठेही एखाद्या समूहाला किड्यामुंग्यांच्या नावांनी संबोधले जाऊ लागले, त्यांच्या याद्या होऊ लागल्या किंवा नोंदी वेगळ्या ठेवल्या जाऊ लागल्या, तर त्या बातमीला मृतांचा आकडा येण्याची वाट न पाहता पहिल्या पानावर जागा द्यावी. आणि ज्यांनी नकार दिला त्यांची नावेही, मारेकऱ्यांच्या नावांइतक्याच ठळकपणे, छापावीत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक